चुकांची वही आणि हाताला न लागलेले चेंडू

माननीय संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या क्रीडा पुरवणीत फाशांवर आणि संगणकावर खेळल्या जाणाऱ्या आभासी बेसबॉलविषयी जो लेख आला, तो मी आवडीने वाचला. या विषयावर मराठीत कोणी लिहिते आहे, याचेच मला आधी अप्रूप वाटले. मात्र त्या लेखात, हंगामाच्या अखेरीस संघाची पाहणी करताना ज्याच्या नावावर सर्वांत कमी चुका असतील त्याचे क्षेत्ररक्षण सर्वांत सरस मानावे, अशा अर्थाचे एक विधान आहे. त्या विधानावर माझी हरकत आहे आणि ती थोड्या विस्ताराने मांडण्याची परवानगी मी आपणाकडे मागतो.

आयुर्विम्याच्या क्षेत्रात आकडेमोडीचे काम करून मी निवृत्त झालो. बेसबॉलशी माझा संबंध आला तो न्यू जर्सीत राहणाऱ्या मुलीच्या घरी. माझा नातू आणि त्याचे सात मित्र मिळून आठ संघांची एक लीग चालवतात आणि तीत प्रत्येक संघ वर्षभरात १६२ सामने खेळतो. खेळ आहे स्ट्रॅट-ओ-मॅटिक. हॅल रिचमन यांनी १९६१ साली तो बाजारात आणला आणि आजही लोक तो कार्डे मांडून, फासे टाकून खेळतात. संगणकावरची आवृत्ती उपलब्ध असूनही ही मुले हाताने फासे टाकतात आणि प्रत्येक सामना वहीत उतरवतात, याचे मला कौतुक आहे. गेल्या हंगामानंतर नातवाने त्या वह्या माझ्यापुढे ठेवल्या आणि म्हणाला, "आजोबा, तुम्ही जन्मभर तक्ते केलेत, आता आमच्या संघाच्या फील्डिंगचा अहवाल करून द्या." हे पत्र म्हणजे त्या अहवालातून निघालेली गोष्ट आहे.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी त्याची रचना सांगायला हवी, कारण पुढचा सारा हिशेब तिच्यावरच उभा आहे. प्रत्येक खऱ्या खेळाडूचे, त्याच्या एका खऱ्या हंगामावरून बेतलेले, एक कार्ड असते. एक वेगळ्या रंगाचा फासा आणि त्याच्या जोडीला आणखी दोन फासे टाकतात. रंगीत फाशावर १ ते ३ पैकी दान पडले तर निकाल फलंदाजाच्या कार्डावर पाहायचा आणि ४ ते ६ पैकी पडले तर पिचरच्या, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याच्या, कार्डावर. उरलेल्या दोन फाशांच्या बेरजेने ओळ ठरते. अशा एकूण २१६ शक्यतांपैकी बहुतेकांचा निकाल कार्डावर छापलेलाच असतो, म्हणजे हिट (फटका मारून फलंदाज सुखरूप बेसवर पोहोचणे), वॉक (चार खराब चेंडूंमुळे मिळालेला मोफत बेस), स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) किंवा साधा बाद. पिचरच्या कार्डावरच्या ३० शक्यतांपुढे मात्र एका क्षेत्ररक्षकाची जागा आणि फुली छापलेली असते. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये उभ्या राहणाऱ्या क्षेत्ररक्षकाच्या, वाट्याला अशा ७ फुल्या येतात, सेकंड बेसमनच्या वाट्याला ६, थर्ड बेसमन, सेंटर फील्डर (मागच्या मैदानाच्या मधोमध उभा राहणारा) आणि कॅचर (यष्टिरक्षकासारखा फलंदाजामागे बसणारा) यांच्या वाट्याला प्रत्येकी ३ आणि उरलेल्या चौघांच्या वाट्याला प्रत्येकी २. फुली निघाली की वीस बाजूंचा फासा टाकायचा आणि त्या क्षेत्ररक्षकाचा दर्जा पाहून चेंडू त्याच्या हाताला लागला की नाही हे तक्त्यावरून ठरवायचे. दर्जा १ ते ५ असा असतो, १ सर्वोत्तम आणि ५ सर्वांत वाईट. हा झाला त्याचा पल्ला. चुकांसाठी वेगळा आकडा असतो आणि त्यासाठी वेगळे दान टाकतात. मला या रचनेत सर्वांत मोलाची वाटली ती हीच गोष्ट, की चेंडूपर्यंत पोहोचणे आणि पोहोचल्यावर तो न सांडणे हे दोन गुण इथे स्वच्छ निराळे केलेले आहेत.

आता साधा त्रैराशिकाचा हिशेब करू. एका सामन्यात एका संघाच्या पिचरसमोर साधारण ३८ फलंदाजीच्या खेपा होतात असे धरले, तर २१६ पैकी ७ या प्रमाणाने शॉर्टस्टॉपकडे सामन्यागणिक सव्वा फुली येते, म्हणजे १६२ सामन्यांत सुमारे २००. वीस बाजूंच्या फाशावरचे एक घर म्हणजे शंभरात ५. तक्त्यावर दोन शॉर्टस्टॉपांमध्ये तीन घरांचा फरक असेल तर हंगामात तो ३० चेंडूंचा होतो. बादचा चेंडू हिट झाला की प्रतिस्पर्ध्याला सरासरीने पाऊण धाव मिळते, असा बेसबॉलच्या अभ्यासकांचा सर्वसाधारण हिशेब आहे आणि दहा धावांना एक विजय हा त्यांचा दुसरा ठोकताळा आहे. त्या मापाने ३० चेंडूंचे मोल बावीस-तेवीस धावा, म्हणजे दोन विजयांहून थोडे अधिक. हे चेंडू चुकांच्या रकान्यात कुठेच दिसत नाहीत. ते पिचरच्या नावावर हिट म्हणून जमा होतात आणि क्षेत्ररक्षकाची पाटी कोरीच राहते.

नातवाच्या संघात नेमके हेच घडले होते. त्याने खेळाडू निवडताना चुकांचा आकडा कमी असलेला, पण पल्ल्याचा दर्जा ३ असलेला शॉर्टस्टॉप घेतला होता. हंगामअखेरीस त्या संघाच्या चुका आठांत सर्वांत कमी भरल्या आणि पोरे खूश झाली. पण मैदानात पडलेल्या, म्हणजे फलंदाजाने मैदानाच्या आत टोलावलेल्या, चेंडूंपैकी किती बाद झाले हे मी वह्यांतून मोजले, तेव्हा तोच संघ सहावा निघाला. मधल्या काळात दोन पिचरांना वर्षभर दूषणे मिळाली होती आणि त्यांतल्या एकाला हंगामाच्या मध्यावर काढूनही टाकले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरे काय.

येथे आपल्या लेखकाच्या बाजूने एक गोष्ट मान्य केली पाहिजे. चूक दिसते, मोजता येते आणि तिच्यावर बोट ठेवता येते. खऱ्या बेसबॉलमध्ये ती ठरवण्यासाठी अधिकृत नोंदणीकार बसलेला असतो आणि सामान्य प्रयत्नाने जो चेंडू हाती यायला हवा होता तो निसटला, तरच तो चूक लिहितो. पण या व्याख्येतच गोम आहे. जो चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही त्याच्याकडून चूक होणे अवघड असते. जो धावत, झेपावत दहा पावले लांबचा चेंडू गाठतो आणि घाईत वेडावाकडा फेकतो, त्याच्या नावावर मात्र चूक लागू शकते. चुका मोजून क्षेत्ररक्षण तोलणे म्हणजे पेपर न देणाऱ्याला नापास झाला नाही म्हणून पहिला नंबर देण्यासारखे आहे.

हे शहाणपण नवे नाही, हे पाहून मला गंमत वाटली. बेसबॉलच्या धावफलकाला आकार देणारे हेन्री चॅडविक हे मूळचे इंग्लंडमधील एक्सेटरचे, लहानपणी ब्रुकलिनला आलेले आणि आधी क्रिकेटचे वार्ताहर असलेले गृहस्थ. एकोणिसाव्या शतकातच त्यांनी लिहून ठेवले होते, की संघातला उत्तम खेळाडू तो, जो सामन्यात सर्वाधिक चांगली कामे करतो. केवळ चुका टाळणारा नव्हे. शंभर वर्षे उलटल्यावर, १९७०च्या दशकात बेसबॉलच्या आकडेवारीचे अभ्यासक बिल जेम्स यांनी दर सामन्यामागे खेळाडू किती बादांत सहभागी झाला ते मोजायला सुरुवात केली आणि तोच विचार आकड्यांत बसवला. तरीही सवय जात नाही. न्यूयॉर्क यांकीजचा डेरेक जीटर हा थोर फलंदाज. २०१० साली शॉर्टस्टॉपच्या जागी त्याच्या फक्त ६ चुका झाल्या, यशाचे प्रमाण ०.९८९ भरले आणि त्याला पाचव्यांदा गोल्ड ग्लोव्ह हा उत्कृष्ट क्षेत्ररक्षणाचा पुरस्कार मिळाला. पल्ला मोजणारी आधुनिक मापे त्या वर्षी त्याला सरासरीच्या खाली ठेवत होती. तेव्हा हा पुरस्कार व्यवस्थापक आणि प्रशिक्षक यांच्या मतांवरच ठरत असे. २०१३पासून त्या मतांच्या जोडीला आकडेवारीच्या निर्देशांकालाही वाटा देण्यात आला.

उलट बाजूचे उदाहरण टँपा बेचे आहे आणि नातवाला पटले ते याच उदाहरणाने. २००७ साली या संघाने ९६ सामने गमावले आणि ९४४ धावा दिल्या. पडलेल्या चेंडूंचे बाद करण्यात तो मेजर लीग या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेतील तीसही संघांच्या तळाशी होता. पुढच्या हंगामाआधी त्यांनी मिनेसोटाकडून जेसन बार्टलेट हा शॉर्टस्टॉप घेतला, अकिनोरी इवामुरा याला थर्ड बेसवरून सेकंडला हलवले आणि थर्डवर एप्रिलमध्ये इव्हान लाँगोरिया आला. २००८ साली त्या संघाने ९७ सामने जिंकले, फक्त ६७१ धावा दिल्या आणि मेजर लीगच्या दोन विभागांपैकी अमेरिकन लीगचे विजेतेपद मिळवून वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, गाठली. या २७३ धावांचे सारे श्रेय क्षेत्ररक्षकांचे नव्हे. मॅट गार्झासारखा पिचर त्याच व्यवहारात आला होता आणि सामन्याच्या शेवटी येणारे पिचरही सुधारले होते. पण टँपा बेच्या वार्ताहरांनी संघातील सर्वांत मोलाचा खेळाडू म्हणून ज्या बार्टलेटला निवडले, त्याने त्या वर्षी उण्यापुऱ्या एका होमरनची, म्हणजे बेसबॉलमधल्या षटकाराची, कमाई केली होती. आपल्याकडच्या जुन्या प्रेक्षकाला हे समजायला कठीण जाऊ नये. एकनाथ सोलकरांनी २७ कसोटींत ५३ झेल घेतले, हा आकडा आपण अभिमानाने सांगतो. पण फॉरवर्ड शॉर्ट लेगला ते फलंदाजाच्या इतक्या जवळ उभे राहिले नसते, तर त्यांतले कितीतरी झेल हे झेलच नसते, फक्त टप्पा पडलेले चेंडू असते आणि ते सुटले असे कोणी म्हटलेही नसते.

आता अहवालाच्या त्या भागाकडे येतो, ज्यावर माझे आणि नातवाचे खरे भांडण झाले. त्याच्या संघाचा सेंटर फील्डर पल्ल्यात १ दर्जाचा, म्हणजे सर्वोत्तम होता. पण हंगामभर त्याच्यासमोर चेंडू पडतच राहिले आणि दोन महत्त्वाचे सामने त्यापायी गेले. त्याला बदलून टाकायचा, असा ठराव पोरांनी जवळजवळ केलाच होता. उलट शॉर्टस्टॉपकडे आलेल्या फुल्यांमध्ये वीस बाजूंच्या फाशाने त्याला चांगली दाने दिली होती आणि ३ दर्जाच्या मानाने त्याच्याकडून पाच-सहा हिट कमीच गेल्या होत्या. म्हणून त्याला ठेवायचे होते. मी म्हटले, नेमके उलटे करा.

कारण असे. समजा एका क्षेत्ररक्षकाच्या हातून शंभरात १५ चेंडू निसटण्याची शक्यता आहे आणि त्याच्याकडे २०० चेंडू येतात. अपेक्षित निसटणे ३०. पण फासे काही हुकूम पाळत नाहीत. प्रमाण विचलन, म्हणजे सरासरीपासून होणारा नेहमीचा चढउतार, काढले तर ते ५ येते, म्हणजे तीनांतल्या दोन हंगामांत हा आकडा २५ ते ३५ यांच्या दरम्यान राहील आणि २० ते ४० पर्यंतही त्याचे नवल वाटायला नको. मघाशी आपण पाहिले की तक्त्यावरच्या एका घराचा फरक हंगामात १० चेंडूंचा असतो. तेव्हा एका घराने सरस असलेला खेळाडू आणि निव्वळ नशीबवान खेळाडू हे एका हंगामाच्या निकालावरून वेगळे ओळखणे जवळपास अशक्य आहे. सेंटर फील्डरचे तर आणखी अवघड, कारण त्याच्याकडे वर्षभरात ८५च्या आसपासच फुल्या येतात आणि तेवढ्यात सहा-सात चेंडू इकडचे तिकडे होणे हे सारीपाटावर लागोपाठ तीन वाईट दाने पडण्याइतकेच सामान्य आहे. खऱ्या मैदानावरच्या व्यवस्थापकाला खेळाडूचा खरा दर्जा कोणी कार्डावर छापून देत नाही, त्याला निकालावरूनच अंदाज बांधावा लागतो. आभासी संघाच्या चालकाला तो छापील मिळालेला असतो. उत्तरपत्रिका हातात असताना अंदाजाने गुण देण्यात कसला शहाणपणा?

म्हणून आभासी संघाची पाहणी ही खऱ्या संघाच्या पाहणीपेक्षा वेगळ्या रीतीने व्हायला हवी, असे माझे मत झाले आहे. इथे दोन प्रश्न विचारायचे. निवड कशी होती, हा पहिला; त्याचे उत्तर कार्डावरच्या दर्जात आणि कोणत्या जागेवर किती फुल्या येतात या गणितात आहे. दान कसे पडले, हा दुसरा. त्याचे उत्तर वहीत आहे, पण त्यावरून पुढच्या वर्षाविषयी काही ठरत नाही. नातवाच्या संघात लेफ्ट फील्डर आणि फर्स्ट बेसमन दोघेही ४ दर्जाचे होते आणि त्यावरून मुलांत बरीच खडाजंगी झाली होती. पण त्या जागांवर २१६ मध्ये दोन-दोनच फुल्या आहेत, तेव्हा तिथे फटकेबाज पण जड अंगाचा माणूस उभा करणे हा हिशेबी व्यवहार आहे. शॉर्टस्टॉप आणि सेकंड बेस मिळून १३ फुल्या. तिथे कंजूषपणा केला की तो वर्षभर नडतो, शिवाय एका चेंडूवर दोन गडी बाद करण्याच्या संधीही तिथेच हुकतात. कॅचरच्या बाबतीत पल्ल्याइतकाच, किंबहुना अधिक, त्याच्या फेकीचा आकडा पाहावा, एवढे सांगून मी पुढे गेलो.

मी स्वतः एक चूक करत होतो, तीही कबूल करतो. पडलेल्या चेंडूंपैकी किती बाद झाले हे प्रमाण खऱ्या मेजर लीगमध्ये शंभरात सत्तरच्या आगेमागे असते आणि संघाचे क्षेत्ररक्षण जोखायला ते चांगले माप आहे, अशी माझी धारणा होती. अहवालाच्या पहिल्या खर्ड्यात नातवाचा संघ सहावा आला म्हणून मी सारा दोष क्षेत्ररक्षकांवर टाकला होता. मग लक्षात आले की या खेळात २१६ पैकी केवळ ३० शक्यता क्षेत्ररक्षकांच्या हातात आहेत, जेमतेम सातांत एक. बाकी हिट आणि बाद पिचरच्या आणि फलंदाजाच्या कार्डांवर आधीच ठरून बसलेले असतात. हंगामात सुमारे ४,००० चेंडू मैदानात पडतात असे धरले तर नुसत्या दानांच्या लहरीने ३० चेंडूंचा फरक कुठल्याही संघाला सहज पडू शकतो आणि तेवढ्याने आठ संघांच्या यादीत दोन-तीन पायऱ्या खाली-वर होतात. म्हणून दुसऱ्या खर्ड्यात मी फक्त फुल्यांचे निकाल वेगळे काढले, प्रत्येकाच्या दर्जानुसार अपेक्षित आकडा शेजारी लिहिला आणि फरकापुढे नशीब असा रकाना केला. त्यात सहाव्या क्रमांकाचा निम्म्याहून अधिक भाग नशिबाच्या खात्यात गेला. संघाने निवडीत केलेली ठळक चूक एकच उरली, ती म्हणजे शॉर्टस्टॉप.

आपल्या लेखात आउट ऑफ द पार्क बेसबॉल या संगणकीय खेळाचाही उल्लेख आहे. २०२० साली महासाथीमुळे खरा हंगाम रखडला आणि जुलैच्या अखेरीस ६० सामन्यांचा होऊन सुरू झाला, तोपर्यंत बेसबॉल-रेफरन्स या संकेतस्थळाने त्याच खेळाच्या आधारे रोजचे आभासी निकाल दिले होते. त्या खेळात पल्ला, चुका, फेक आणि डबल प्लेची, म्हणजे एका चेंडूवर दोन गडी बाद करण्याची, चपळाई यांचे दर्जे वेगवेगळे असतात, आणि क्षेत्ररक्षकाने आपल्या टापूत किती चेंडू गाठले याचा तयार आकडाही मिळतो. लेखकाने तो रकाना ओलांडून चुकांच्या रकान्यावरून क्रम लावला, याचे मला अधिक वाईट वाटले, कारण तिथे वह्या चाळण्याचेही कष्ट नव्हते.

आपणास विनंती एवढीच, की पुढच्या भागात आभासी संघांचे तक्ते छापताना चुकांच्या शेजारी निदान पल्ल्याचा दर्जा छापावा. जागा पुरत नसेल तर चुकांचा रकाना गाळला तरी माझी हरकत नाही.

नातवाने शॉर्टस्टॉप बदलला. नवा पल्ल्यात १ आहे आणि चुका भरपूर करतो. परवा फोनवर कळले की पहिल्याच आठवड्यात त्याने तीन चेंडू सांडले आणि उरलेल्या सात मित्रांनी मला अमेरिकेत येण्यास बंदी घातली आहे. सेंटर फील्डर मात्र अजून संघातच आहे.

आपला नम्र वाचक,
एक निवृत्त विमा-गणिती, पुणे